आमचा माळ रिकामा नाही

“उन्हाळ्यात काय असतं हो तिथे बघायला?”

निवृत्त झाल्यापासून हा प्रश्न मला किती जणांनी विचारला असेल याची गणती नाही. एस.टी.त शेजारी बसलेल्या बाईने विचारला, बँकेतल्या कॅशियरने विचारला, पुण्याहून मोठमोठे कॅमेरे घेऊन येणाऱ्या पक्षीवेड्या मंडळींनीही विचारला. त्यांनी तरी विचारायला नको होता! आज याच प्रश्नावरून थोडं भांडायचं आहे. इथे नेहमी येणाऱ्यांना माझी भांडणं सवयीची आहेत. नातेवाइकांपैकी एकाला मात्र हे वाचून राग येणार आहे. तो कोण, ते पुढे येईलच.

आधी जागा सांगते. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. मोरगावच्या गणपतीचं नाव त्याला दिलेलं. १९९७ साली ते जाहीर झालं, आणि क्षेत्र किती? फक्त ५.१४ चौरस किलोमीटर. ताडोबा-मेळघाट पाहिलेल्या माणसाला हे अंगणाएवढंच वाटेल. इथे वाघ नाही. धबधबा नाही, गर्द सावलीही नाही. सह्याद्रीने पाऊस अडवून धरल्यावर उरलासुरला आमच्या वाट्याला येतो, वर्षाला जेमतेम वीस इंच. जमीन मुरमाड, काही ठिकाणी वीतभर माती आणि खाली काळा पाषाण. त्यावर गवत, मधूनमधून हिवर, खैर, बोर, बाभूळ. चिंकारा हे इथलं मुख्य जनावर. शिवाय खोकड, लांडगा, ससे. आणि पक्षी.

अभयारण्याला हद्द आहे, पण माळाला नाही. हद्दीबाहेर गावांची गायरानं तशीच पसरलेली आहेत. तेच गवत, तोच मुरूम, तेच पक्षी. टिटवीने काही सातबारा वाचलेला नसतो. म्हणून मी ‘आमचा माळ’ म्हणते तेव्हा आतलं आणि बाहेरचं दोन्ही धरून म्हणते. किंबहुना भांडण बाहेरच्याबद्दलच आहे.

तर, हिवाळ्यात इथे गर्दी असते. भोवत्या येतात, ससाणे येतात, धोबी येतात, आणि त्यांच्यामागे गाड्या येतात. मार्च उजाडला की परदेशी पाहुणे उत्तरेकडे निघतात आणि गाड्याही बंद होतात. “सीझन संपला मावशी,” असं मला एका तरुण छायाचित्रकाराने सांगितलं होतं. पाहुणे गेले की घर रिकामं झालं असं कोणी समजतं का? घरातली माणसं असतातच ना! उलट पाहुणे गेल्यावर घरातल्या बाईला स्वतःचं बघायला फुरसत मिळते. माळाचंही तसंच आहे. इथल्या कायमच्या रहिवाशांचे संसार मांडले जातात ते याच दिवसांत, चैत्र-वैशाखात, गवत पिवळं पडून कुरकुरीत झालेलं असताना.

आता हे संसार कुठे असतात ते नीट ऐका, कारण सगळा मुद्दा त्यातच आहे. ते जमिनीवर असतात. झाडावर नाही, जमिनीवर. उघड्यावर.

माळटिटवी घ्या. आपल्या नेहमीच्या टिटवीची ही बहीण. हिच्या चोचीपाशी पिवळी झालर असते आणि डोक्यावर काळी टोपी. पाण्याची तिला फारशी गरज नाही, कोरडा माळच हवा. मुरमात थोडं उकरलेलं, दोन-चार खडे भोवती, आणि त्यात चार अंडी. रंग मातीचा, वर काळपट ठिपके. मी तीन पावलांवर उभी असूनही मला दिसली नव्हती. पक्षीण ओरडायला लागली म्हणून खाली पाहिलं. चाळीस अंशांच्या उन्हात टिटवी अंड्यांवर बसते ती नेहमी ऊब द्यायला बसते असं नाही. भर दुपारी ती पंख किंचित उचलून नुसती उभी राहते, अंड्यांवर सावली धरून. नेहमीची लाल झालरीची टिटवी तर पाणवठ्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि ओल्या अंगाने अंड्यांवर बसते. जवळजवळ महिनाभर हे चालतं. नर-मादी पाळीपाळीने.

रातव्याला एवढंही लागत नाही. घरटं म्हणून काही नाहीच. दोन अंडी, उघड्या जमिनीवर, पालापाचोळ्याच्या रंगाचा पक्षी त्यावर डोळे मिटून. तुम्ही पाय ठेवेपर्यंत तो हलणार नाही. संध्याकाळी त्याचा आवाज येतो, दगडी फरशीवर गोटी पडून उड्या मारत मारत थांबावी तसा. पखुर्डी आणि धाविकही जमिनीवरच अंडी घालतात. पखुर्डीच्या कुळातले नर तर सकाळी पाणी प्यायला गेले की पोटाच्या पिसांत पाणी शोषून घेतात आणि उडत येऊन पिल्लांना पाजतात. पिल्लं बापाच्या पोटाला लुचतात!

आणि डोंबारी. चिमणीएवढा चंडोल, नराचं पोट काळं. हे नाव ज्याने कोणी ठेवलं त्याला माझा नमस्कार. पक्षी सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीवर आपटणार असं वाटता वाटता पुन्हा वर उसळतो, पुन्हा खाली. वैशाखातल्या उन्हात, जिथे माणूस टोपीशिवाय उभा राहू शकत नाही तिथे, हा खेळ तासभर चालतो. त्याचं घरटं गवताच्या बुडख्याला, लहानशी वाटी, आणि एका कडेला खड्यांची ओळ. (मारुती चितमपल्ली २०२५ च्या जूनमध्ये गेले. रानातल्या माणसांच्या तोंडची पक्ष्यांची नावं त्यांनी गोळा करून ठेवली नसती, तर आज आपण या सगळ्यांना इंग्रजी नावांनी हाका मारत बसलो असतो.)

किड्यांबद्दल बोललं की लोक तोंड वाकडं करतात. पण त्यांच्याशिवाय वरचं काहीच चालायचं नाही. उन्हाळ्यात किडे दिसत नाहीत, कारण ते बहुतेक जमिनीखाली असतात. नाकतोडे पावसाळ्याच्या शेवटी मातीत अंड्यांच्या पुंजक्या घालून मरून गेलेले असतात. पुढच्या पावसाळ्याची सगळी फौज आत्ता त्या मुरमात निजलेली आहे. प्रार्थनाकीटकाची अंडी गवताच्या काडीवर, सुकलेल्या फेसाच्या डबीत. बोरीच्या बुंध्याशी जिथे माती पिठासारखी असते तिथे छोटे छोटे नरसाळ्यासारखे खड्डे दिसतात. तळाशी मुंगीसिंह दडलेला असतो. मुंगी कडेवरून घसरली की तो खालून माती उडवतो आणि तिला पाडतो. लहानपणी आम्ही त्या खड्ड्यात गवताची काडी फिरवून त्याला फसवत असू. शाळेत असताना मी मुलांनाही तेच करायला लावी. एका तासात भूगोल, विज्ञान आणि थोडा संयम, तिन्ही शिकवून होई.

रुईच्या झुडपावर मात्र भर उन्हाळ्यातही गडबड असते. पिवळ्या अंगावर निळसर पट्ट्यांचा तो रंगीत नाकतोडा रुईचीच पानं खातो आणि तिच्या विषारी चिकामुळे त्याला फारसं कोणी खात नाही. मग वळवाची पहिली सर येते. संध्याकाळी वाळवीला पंख फुटतात, आणि कोतवाल, वेडे राघू, रातवे, सगळ्यांची जत्रा. मृग लागला की लाल मखमलीचे मृगाचे किडे. (हे कीटक नव्हेत बरं का. आठ पाय असतात त्यांना, म्हणजे कोळ्याच्या नात्यातले. पिल्लं नाकतोड्यांसारख्या किड्यांच्या अंगावर चिकटून वाढतात आणि मोठे किडे वर्षातला बहुतेक काळ मातीत काढतात.) पुण्यातले माझे नातू हा किडा फक्त मोबाइलमध्ये पाहतात. असो.

एवढं सगळं सांगितलं ते ‘उन्हाळ्यात काय असतं’ याचं उत्तर म्हणून. आता भांडणाकडे येते.

आमच्या ताईचा मुलगा पुण्यात एका मोठ्या कंपनीत वरच्या हुद्द्यावर आहे. गुणी मुलगा. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार अशा कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. त्यातले काही पैसे यंदा आपल्या आजोळच्या गावासाठी वळवावेत असं त्याच्या मनात आलं. गावातल्या एका मंडळाशी बोलणं झालं. अभयारण्याशेजारच्या गायरानावर पाच हजार झाडं लावायची ठरली. खड्डे मे महिन्यात जेसीबीने, लागवड ५ जूनला, पर्यावरण दिनी. मग मला फोन. “मावशी, तुझी एवढी निसर्गाची आवड. पहिलं झाड तुझ्याच हस्ते लावायचं. ओसाड माळ पडलाय नुसता, हिरवागार करून टाकू!”

मी फोनवर म्हणाले, विचार करून सांगते. विचार केला. येणार नाही. आणि का येणार नाही ते सगळ्यांसमोर सांगते, म्हणजे ‘म्हातारीचे गुडघे दुखतात’ असं कारण कोणी परस्पर देऊन टाकायला नको.

ओसाड! हा शब्द मला चाबकासारखा लागतो. ज्याच्यावर झाड नाही ते ओसाड, हे आपल्याला शिकवलं कोणी? इंग्रजांच्या महसूल खात्याने. ज्या जमिनीतून सारा मिळत नाही ती ‘वेस्ट’, म्हणजे पडीक. इंग्रज गेले, शब्द राहिला. आजही केंद्र सरकार पडीक जमिनींचा नकाशासंग्रह काढतं, २०१९ ची त्याची आवृत्ती आहे, आणि झुडपांची उघडी जमीन त्यात पडीक म्हणूनच धरलेली आहे. मी भूगोल शिकवला. पुस्तकात गवताळ प्रदेशांचा धडा असे. आफ्रिकेचा सव्हाना, अमेरिकेतल्या प्रेअरी, अर्जेंटिनातले पंपास, रशियातले स्टेप. मुलं नावं पाठ करत. धड्यात जिराफ, झेब्रा, सिंह. आणि शाळेच्या खिडकीतून जो गवताळ प्रदेश दिसे त्याला महसुली कागदावर नाव होतं पडीक. मी त्या धड्याच्या दिवशी मुलांना माळावर नेत असे, आणि त्यावरून मुख्याध्यापकांशी माझं दोनदा वाजलं होतं.

दुसरा गैरसमज असा की इथे पूर्वी घनदाट अरण्य होतं, माणसाने तोडलं, म्हणून गवत राहिलं. तेव्हा झाडं लावणं म्हणजे पूर्वजांचं पाप फेडणं. कोकणात, मावळात हे काही अंशी खरं असेल. आमच्या पट्ट्यात नाही. २०२५ साली आशीष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोन अभ्यासकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी काय केलं? तेराव्या शतकापासूनच्या मराठी वाङ्मयात, कथांत, ओव्यांत, लोकपरंपरेत पश्चिम महाराष्ट्रातल्या रानाचं, झाडाझुडपांचं जे वर्णन येतं ते शोधून काढलं. सापडलेली बहुतेक झाडं उघड्या, काटेरी, गवताळ मुलखातली निघाली. म्हणजे साडेसातशे वर्षांपूर्वीही हा माळ माळच होता. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या माझ्यासारखीला याचा केवढा आनंद झाला म्हणून सांगू! पण इतकं लांब तरी कशाला जायचं? आपल्या गावांची नावं बघा. माळेगाव. माळशिरस. हिवरे. बाभुळगाव. पळसदेव. ही नावं ठेवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे काय होतं ते उघड आहे.

“पण मावशी, आम्ही देशी झाडं लावणार आहोत.” हे फोनवर दोनदा ऐकवलं गेलं. गुलमोहर, सुबाभूळ, उंदीरमारी नाही. वड, पिंपळ, कडुनिंब, करंज. म्हणजे सुधारणा आहे, मान्य. एक काळ असा होता की टेकड्या हिरव्या करायच्या म्हणून मेक्सिकोकडची उंदीरमारी महाराष्ट्रभर लावली गेली. तिला कोणी गिरिपुष्प असं गोंडस नाव दिलं, आणि आता पुण्याच्या टेकड्यांवर तिचीच रानं माजली आहेत. लावायची सोपी, शेळी तोंड लावत नाही, फांदी खोचली तरी जगते. वन खात्याला आणखी काय हवं? पण वड देशी आहे म्हणून तो वाटेल तिथला होत नाही. नारळही देशीच आहे. माळावरच्या पक्ष्याला चहूकडची नजर लागते. लांडगा, खोकड, मुंगूस दुरून दिसलं तरच टिटवी उठून त्याला अंड्यांपासून लांब नेऊ शकते. मध्ये झाडांची भिंत उभी राहिली की ते गेलं. शिवाय झाड म्हणजे कावळ्याला, शिक्र्याला बसायला फांदी, आणि खाली उघडी अंडी. चंडोल अशा जागा सोडून जातात. त्यांच्या जागी बुलबुल, मैना, कावळे येतात, आणि लोक म्हणतात, बघा, पक्षी वाढले! अहो, बुलबुलाला तुमच्या सोसायटीची बागही पुरते. डोंबाऱ्याने कुठे जायचं?

ज्याच्या नावातच माळ आहे त्या पक्ष्याचं काय झालं ते आपण पाहिलंच आहे. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं. एवढं मोठं अभयारण्य देऊनही आज महाराष्ट्रात माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते. कारणं पुष्कळ आहेत: उसाची शेती, विजेच्या तारा, शिकार. पण माळाला माळ राहू न देणं हे त्यातलं एक.

आणि गवत म्हणजे काही नाहीच का? पवना, मारवेल, डोंगरी गवत, ही वर्षानुवर्षं जगणारी गवतं आहेत. वरून वाळतात, मुळं जिवंत असतात. ती वीतभर माती याच मुळांच्या जाळ्यांनी धरून ठेवलेली आहे, आणि हवेतला कार्बनही ही मुळं जमिनीत साठवतात; तेव्हा ‘कार्बनसाठी झाडं’ हे कारणही मला सांगू नये. कुसळीचं बी पाहिलंय? त्याच्या शेपटीला पीळ असतो. ओल लागली की पीळ सुटतो, सुकलं की पुन्हा बसतो, आणि असं फिरत फिरत बी आपणहून मातीत शिरतं. (आपल्या सॉक्समध्येही शिरतं, ते वेगळं.) जेसीबीच्या एका घासात हे सगळं उलटं होऊन वर मुरूम येतो. पाच हजार खड्डे म्हणजे नाकतोड्यांची, मुंगीसिंहांची, वाळवीची, मृगाच्या किड्यांची किती घरं, याचा हिशोब कंपनीच्या अहवालात नसतो. अहवालात लावलेली झाडं असतात. दिवाळीनंतर त्यातली जगली किती, हेही नसतं. माझ्या डोळ्यांदेखत एकाच खड्ड्याची तीन वर्षांत तीन उद्घाटनं झाली आहेत. दर वेळी नवा पाहुणा, नवा नारळ, नवं रोप.

झाडं लावण्याचा आपल्याकडे सोहळा झालाय. १९५० साली कन्हैयालाल मुन्शींनी वनमहोत्सव सुरू केला तेव्हा हेतू चांगलाच होता. पण आकड्यांची नशा चढली. आपल्या राज्यात २०१६ साली एका दिवसात २ कोटी झाडं लावायचं ठरलं, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी, २०१९ ला ३३ कोटी. एवढी झाडं लावायला जागा कुठून आणणार? शेतकरी शेत देणार नाही, बिल्डर प्लॉट देणार नाही. मग राहतं काय? माळ. गायरान. जिथे कोणी तक्रार करायला येत नाही अशी जागा. टिटवी ओरडते, पण तिची तक्रार ग्रामसभेच्या इतिवृत्तात येत नाही.

धनगरांचीही येत नाही. आमच्याकडचे काही वाडे दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडाशी परत वर येतात. परत आल्यावर त्यांना गायरानाला तारेचं कुंपण दिसणार, ‘वृक्षारोपण क्षेत्र, चराई बंद’. गायरान या शब्दात गाय आहे, रान आहे. कुंपण कुठे आहे? गेल्या वर्षी एका धनगर आजोबांना मी विचारलं, टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस जास्त आणि खोलगटात घातली तर कमी, हे खरं का? ते म्हणाले, “खरं-खोटं देव जाणे. पर अंडी बघून मेंढरं वळवून न्यावी लागत्यात, येवढं खरं.” पाच हजार झाडांच्या आराखड्यात त्या आजोबांचा सल्ला कोणी घेतला असेल असं मला वाटत नाही.

मी झाडांच्या विरुद्ध आहे, असा निरोप आता घराघरांत जाईल. ताईचा फोन तर येणारच. म्हणून लिहून ठेवते. मला झाडं आवडतात. आमच्या दारात कडुनिंब आहे, मीच वाढवलेला. पण रस्ता रुंद करताना आमच्या हमरस्त्याच्या कडेची जुनी वडाची झाडं तोडली गेली, त्या जागी एक रोप कोणी लावलं नाही. तिथे लावा ना. शाळेच्या मैदानाभोवती लावा. मुलं प्रार्थनेला उन्हात उभी असतात. एस.टी. स्टँडवर, दवाखान्याच्या आवारात, आठवडी बाजारात, जिथे भाजीवाल्या बायका डोक्यावर पदर घेऊन दुपारभर बसतात तिथे लावा. त्यांना सावली हवी आहे. पाच हजार नको, पन्नास लावा आणि तीन वर्षं पाणी घाला. त्याचे फोटो चांगले येत नाहीत हे मला ठाऊक आहे. पन्नास हा आकडा बॅनरवर शोभत नाही. आणि गायरानासाठीच पैसे खर्च करायचे असतील तर मार्च-एप्रिलमध्ये रात्री वणव्यावर नजर ठेवायला गावातली चार पोरं पगारावर ठेवा. ‘जाळलं की गवत चांगलं येतं’ म्हणून काडी लावणारे महाभाग दर वर्षी निघतात, आणि त्या आगीत अंडी, पिल्लं, काड्यांवरच्या त्या फेसाच्या डब्या, सगळं जातं.

पक्षीवेड्या मंडळींनाही दोन शब्द. तुमच्याकडे दुर्बिणी आहेत, कॅमेरे आहेत, इंग्रजी आहे. उन्हाळ्यात या. पहाटे साडेपाचला माळावर उभं राहायचं, नऊला सावलीत यायचं, पुन्हा पाचनंतर जायचं. पाणी भरपूर, टोपी, आणि पायाखाली बघून चालायची सवय. अंड्यांजवळ थांबायचं नाही. पक्षीण ओरडली की आल्या पावली मागे फिरायचं, कारण ती उठलेली असते तोवर अंडी उन्हात भाजत असतात. घरट्याचा फोटो काढून ‘कुठे मिळाला?’ची उत्तरं सगळ्यांना द्यायची नाहीत. पण जे बघाल ते तारीख-वार लिहून ठेवा. गायरानावर मे महिन्यात कोण राहतं याची लेखी नोंद नसते, म्हणूनच ते रिकामं आहे असं ठरवणं सोपं जातं. माझ्या वह्या आहेत, पण सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या वहीला सभेत किती किंमत मिळते हे मी ग्रामपंचायतीत पाहिलं आहे. सरपंच चहा मात्र चांगला पाजतात.

आता भाच्यासाठी. तू हे वाचतोस, मला माहीत आहे, कारण मागच्या लेखातली शुद्धलेखनाची चूक तूच कळवली होतीस. तुझा हेतू मला कळतो. आजोळचं ऋण फेडावं असं वाटणारी मुलं आता किती उरली आहेत! पण पहिलं झाड लावायला मी येणार नाही, आणि माझं नाव पत्रिकेत छापलं असेल तर काढून टाक. त्याआधी तू एक दिवस ये. शुक्रवारी रात्री मुक्कामाला ये, शनिवारी पहाटे आपण दोघं जाऊ. बूट जुने आण.

आणि हे सगळं पटलं नाही, मावशी हेकट आहे असंच वाटलं, तरी एक कर. गायरानाच्या पूर्वेला, जुन्या पाझर तलावाकडे जाणाऱ्या गाडीवाटेपासून साठ-सत्तर पावलांवर एक बुटकी बोर आहे. तिच्या उत्तरेला माळटिटवीची चार अंडी आहेत. मी १ मेला पाहिली तेव्हा तीन होती, ३ तारखेला चार झाली. म्हणजे ती फुटायला मेअखेर उजाडेल. पिल्लं दिवसभरात पायावर उभी राहतात आणि आईबापांमागे चालू लागतात, पण तोवर तिथून हलता येत नाही त्यांना. तुझ्या जेसीबीवाल्याने १५ तारखेला पूर्वेकडूनच सुरुवात करायची ठरवलंय, असं मला दूधवाल्याने सांगितलं. त्याला फोन कर.